नमुना सही

एकतीस वर्षं मी सह्या जुळवल्या
कर्वे रोडच्या शाखेत, तीन नंबरच्या खिडकीमागे.
चेक डावीकडे, नमुन्याचं कार्ड उजवीकडे,
आणि मधे माझा चष्मा.
'सही जुळत नाही' असा लाल शेरा मारताना
हात कधी अडला नाही,
समोर सख्खा मेहुणा उभा असला तरी.

हे सगळं विरुद्ध पक्षाच्या वकिलाने
माझ्याच तोंडून वदवून घेतलं,
ग्राहक आयोगात, दुपारी पावणेतीनला,
पंख्याखाली कागद फडफडत असताना.
मग म्हणाला, अशा माणसाला
खोटी सही ओळखू आली नाही?

सही वामन खरवंडीकरांची. डावखुरे फिरकी गोलंदाज.
पोस्टकार्डाएवढा फोटो, चेंडू हातातून सुटायच्या आधीचा,
कोपऱ्यात निळ्या शाईत नाव, मराठीत.
बेचाळीस हजार मोजले मी, ग्रॅच्युइटीतले.
भांडारकर रोडवरच्या कंपनीचा दाखला सोबत होता:
चकाकता स्टिकर, तीन सह्या, एक गोल शिक्का.
दाखला मी दुकानातच नीट पाहिला.
फोटो घरी येऊन.

खरवंडीकरांचं खातं आमच्याच शाखेत होतं.
त्यांचा 'ख' घाईतला, बस पकडायला निघालेला.
फोटोतला 'ख' मांडी घालून बसलेला,
प्रत्येक काना सावकाश उतरलेला.
वीस महिने मी कुणाला बोललो नाही.
फसलो हे सांगायला पुण्यात जागा नाही;
'तुम्हाला कळायला हवं होतं' हे वाक्य
इथे चहाच्या आधी येतं.

ॲडव्होकेट चिरमुले म्हणाल्या, मुदत दोन वर्षांची,
चार महिने उरलेत, बसतंय. सेवेतली त्रुटी.
किंमत, व्याज, खर्च, मानसिक त्रास.
त्रासाचा आकडा किती टाकू?
मी म्हटलं, पन्नास वर्षांपूर्वी
क्लबाच्या मैदानावर तंबूबाहेर अंधार पडेतो थांबून
कोरी वही घेऊन परतलेला पोरगा
त्यात धरायचा का?
त्यांनी वीस हजार लिहिले.

तज्ज्ञाचा अहवाल आला: सही त्यांची नाही.
कंपनी म्हणाली, आमचा दाखला म्हणजे केवळ मत,
मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलंय.
घरचा साक्षीदार मिळतो का बघा, चिरमुले म्हणाल्या.

सहकारनगर, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
कुमुदिनीबाईंनी फोटो खिडकीच्या उजेडात धरला.
खूप वेळ.
"बोट फाटलं होतं त्यांचं, त्या मोसमात.
पत्रांची पोती यायची. पोरं वाट बघतात, म्हणायचे.
ते झोपले की मी बसायची.
तीनशे-चारशे तरी असतील. हा त्यातलाच."
आणि मग, जरा हसून,
"ख बरा आलाय."

चिरमुले फोनवर खूश: शपथपत्र घ्या, केस संपली!
मजकूर पिशवीत तयारच होता,
'सदर सही खोटी व बनावट असून...'
ते 'बनावट' मी स्वतः टाइप केलेलं.

कागद मी पुन्हा पिशवीत ठेवला असं सांगितलं
तर छान दिसेल. पण मी तो टेबलावर ठेवला.
पेन दिलं. म्हटलं, खाली आपली सही.
त्यांनी चष्मा लावला, शब्दन् शब्द वाचला,
मान हलवली,
आणि मांडी घालून बसलेल्या अक्षरांत
लिहिलं: वामन खरवंडीकर.

"अगंबाई," त्या म्हणाल्या.

पुढची तारीख सतरा जुलै.
शपथपत्र माझ्या कपाटात आहे, फोटोशेजारी.
रात्री दिवा जवळ ओढून
फोटो डावीकडे, कागद उजवीकडे ठेवतो.
जुळते.